तळ्याचा काठ आणि एक सोंड्या



या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत पहिल्या दिवशी शेतमालाच्या भावावर व्याख्यान आहे, दुसऱ्या दिवशी संतसाहित्यावर, आणि आज तिसऱ्या दिवशी उत्तर अमेरिकेतल्या एका किड्यावर. संयोजकांपैकी एकाने फोन करून मला अदबीने विचारलंही, ‘सर, विषय हाच ठेवायचा ना?’ म्हटलं, हाच ठेवा. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते मुलांना वर्गात कमी आणि ओढ्याकाठी जास्त शिकवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा पाण्यातल्या किड्यावर तासभर बोललं तर त्यांची हरकत नसावी. तुमची असली, तर आभारप्रदर्शनाच्या वेळी सांगा.

सोंड्या कोणता हे इथे कुणाला समजावून द्यायला नको. तांदूळ निवडताना सुपात तुरुतुरु पळणारा, पुढे बारीक सोंड असलेला काळसर किडा सगळ्यांनी पाहिलेला आहे. माडाचं खोड पोखरणारा लाल सोंड्या त्याचाच थोरला भाऊबंद. आंब्याच्या कोयीतून निघणारा भुंगाही याच गोतातला. भुंगेऱ्यांमधलं हे कूळ अवाढव्य आहे. साठ हजारांच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती एखाद्या ठरावीक झाडालाच धरून असतात, कुणी मुळाला, कुणी खोडाला, कुणी बीला. ज्यांनी माणसाच्या धान्याला किंवा पिकाला तोंड लावलं, ते प्रसिद्धीला आले. बाकीचे कुणाच्या गावीही नाहीत.

अमेरिकेत प्रसिद्धीला आलेला सोंड्या कापसाच्या बोंडावरचा. तो १८९२च्या सुमाराला मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत सगळा कापूसपट्टा त्याने खाल्ला. अलाबामा राज्यातल्या एंटरप्राइज गावी तर भर चौकात त्याचं स्मारक आहे. कापूस बुडाला म्हणून शेतकरी भुईमुगाकडे वळले, हातात पैसा आला, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून १९१९ साली गावाने ते उभारलं. (वैदर्भीय श्रोत्यांसाठी एक खुलासा: आपल्या कपाशीला छळते ती गुलाबी बोंडअळी. ती पतंगाची अळी आहे, सोंड्याची नव्हे.) मला आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्याचं स्मारक कुठेही नाही. लांबी दोन ते तीन मिलिमीटर. शास्त्रीय नाव युऱ्हिकिऑप्सिस लेकॉन्टाय. एकदाच उच्चारतो आणि सोडून देतो. १८९६ साली डिट्झ नावाच्या अभ्यासकाने त्याची नोंद केली आणि त्याला जॉन लेकॉन्ट यांचं नाव दिलं. हे लेकॉन्ट पेशाने डॉक्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी सर्जन म्हणून नोकरी केली आणि उरलेलं आयुष्य भुंगेऱ्यांची नावनिशी लावण्यात घालवलं.

नोंद झाली आणि किडा विस्मृतीत गेला. पुढची नव्वदेक वर्षं त्याच्याबद्दल कुणाला काही पडलेलं नव्हतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या तळ्यांत तो राहतो, मिलफॉइल नावाच्या पाणवनस्पतीवर जगतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. अशा किड्याला अनुदान कोण देणार?

तो उजेडात आला तो एका परक्या वनस्पतीमुळे, म्हणून आधी तिची हकिगत. मिलफॉइलच्या काही जाती उत्तर अमेरिकेच्या स्वतःच्या आहेत. १९४० च्या दशकात तिथे आणखी एक आली, युरोप आणि आशियातली, म्हणून तिला युरेशियन मिलफॉइल म्हणतात. १९४२ साली राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका तळ्यात ती असल्याची पक्की नोंद आहे. दिसायला सुरेख. तळाच्या चिखलात मुळं, तिथून पाण्यात उभा चढणारा लांबच लांब दांडा, आणि दांड्याभोवती चार-चारच्या फेऱ्यात पिसासारखी पानं. देशी मिलफॉइल आणि ही, दोघी शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस फसेल. पानाच्या एका बाजूची दलं मोजायची: देशीची पाच ते दहा, परकीची सहसा बारा किंवा त्याहून जास्त.

स्वभाव मात्र वेगळा. देशी मिलफॉइल थंडीच्या आधी शेंड्याला घट्ट कळ्या करते आणि स्वतः मावळते. वसंतात त्या कळ्यांतून नव्याने सुरुवात. परकी अशी आवराआवर करत नाही. बर्फाखालीही ती जिवंत हिरवी राहते, आणि बर्फ वितळलं की बाकीच्या वनस्पती जाग्या व्हायच्या आत वाढायला लागते. पृष्ठभागाला पोचली की आडवी पसरते आणि पाण्यावर चटई अंथरते. खाली उजेड नाही, म्हणून दुसरं काही उगवत नाही. होडीचं वल्हं अडकतं, पोहणाऱ्याचे पाय अडकतात. बिया ती धरते, पण पसरते ती तुकड्यांनी. दांड्याचा बोटभर तुकडा चिखलात रुजायला पुरतो, आणि उन्हाळा सरताना ती आपण होऊन तुकडे सोडते. होडी या तळ्यातून काढून गाडीमागे जोडून दुसऱ्या तळ्यात नेणं हा तिकडे शनिवार-रविवारचा नित्यक्रम, त्यामुळे तुकड्यांना वाहनांची ददात नव्हती. १९६०च्या दशकात ती व्हरमाँटला पोचली, १९८७ साली मिनेसोटातल्या मिनेटॉन्का या मोठ्या सरोवरात सापडली. तळ्याकाठी घरं घेतलेल्या लोकांनी सभा घेतल्या, वर्गण्या काढल्या. तणनाशकं ओतली. पाण्यातलं गवत कापणारी यंत्रं आणली. ती यंत्रं चालली की आणखी तुकडे, आणि तुकड्यांतून आणखी मिलफॉइल.

आता व्हरमाँट राज्याच्या उत्तर टोकाला जाऊ. तिथे ब्राउनिंग्टन पाँड नावाचं एक लहान तळं आहे. मिलफॉइलने ते चांगलंच व्यापलं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला ती तिथून ओसरली. कुणी औषध टाकलं नव्हतं, यंत्र फिरवलं नव्हतं. सरकारी कामात अशा वेळी सुटकेचा निःश्वास टाकून फाइल बंद करतात. इथे उलट झालं. राज्याच्या माणसांना कारण हवं होतं, आणि मिडलबरी कॉलेजातल्या सॅली शेल्डन आणि रॉबर्ट क्रीड यांनी ते शोधायचं मनावर घेतलं.

संशयित तीन होते. एक, युरोपातूनच आलेला पतंग, ज्याच्या अळ्या पाण्याखाली पानं खातात. दुसरी, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे मिलफॉइलवर आढळलेली एक चिलटाची जात. तिसरा आपला सोंड्या. शेल्डन आणि क्रीड यांनी आधी काचेच्या टाक्यांत आणि मग प्रत्यक्ष तळ्यात जाळीचे पिंजरे ठेवून तपासलं: काही पिंजऱ्यांत सोंडे सोडलेले, काहींत नाही. सोंडे असलेल्या पिंजऱ्यांतली मिलफॉइल खचली. १९९५ साली त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे: उत्तर अमेरिकेतल्या एका किड्याने परक्या वनस्पतीची पीछेहाट घडवली का? पिंजऱ्यात सिद्ध झालेली गोष्ट अख्ख्या तळ्याच्या माथी मारायची नाही, एवढा संयम त्या प्रश्नचिन्हात आहे. क्रीड यांनी पुढे असंही दाखवलं, की मिलफॉइल आपोआप ओसरल्याच्या ज्या नोंदी देशभरातून आल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा या सोंड्याचा वावर असलेल्या उत्तर पट्ट्यातच एकवटलेल्या होत्या.

तीन मिलिमीटरचा किडा तीन-चार मीटरच्या वनस्पतीला खचवतो कसा? नुसती पानं खाऊन हे साधत नाही. प्रौढ सोंडे पानं खातात, पण ते नुकसान किरकोळ. खरं काम अळी करते. उन्हाळाभर हे सोंडे पाण्याखालीच असतात. मादी दांड्यावरून चालत शेंड्याकडे जाते, जिथे कोवळी पानं अजून मिटलेली असतात, आणि तिथे एक अंडं चिकटवते. पिवळसर, लांबट, अर्ध्या मिलिमीटरचं. दिवसाला सरासरी दोनाच्या आसपास. आपल्या घरातल्या माशीपुढे हा आकडा अगदीच दरिद्री, पण उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा आहे. अंड्यातून निघालेली अळी आधी शेंडाच खाते. शेंडा गेला, म्हणजे त्या दांड्याची उंची वाढणं थांबलं. मग ती दांड्यात शिरते आणि आतला गाभा खात खाली सरकते. मध्येच बाहेर येते, पुन्हा दुसऱ्या ठिकाणी आत. वाढीच्या काळात एक अळी साधारण पंधरा सेंटिमीटर दांडा पोखरते. दांडा उजेडाकडे धरला तर आतली ती वाट आणि मागे राहिलेली काळपट घाण स्पष्ट दिसते. शेवटी ती आणखी खाली, जाड दांड्यात उतरते, तिथे खोली कोरते आणि कोषात जाते. अंड्यापासून सोंड्यापर्यंत सगळा प्रवास कोमट पाण्यात तीनेक आठवड्यांचा.

मिलफॉइलचा दांडा पाण्यात उभा राहतो तो आतल्या हवेच्या जोरावर. त्याच्या गाभ्यात हवेच्या पोकळ्या असतात, त्या त्याला वर धरतात. अळीने भोकं पाडली की सायकलच्या ट्यूबसारखी हवा निसटते, पाणी शिरतं आणि वरची चटई खाली बसते. वनस्पती मेलेली नसते. नुसती बुडालेली असते. पण मिलफॉइलची सगळी दादागिरी वर पोचून उजेड अडवण्यात होती. ती खाली बसली की तळाला इतकी वर्षं दबलेल्या देशी वनस्पतींना ऊन मिळतं. शिवाय पोखरलेल्या दांड्यातून मुळांकडे साखर नीट उतरत नाही, त्यामुळे हिवाळ्यासाठीची शिदोरी अपुरी राहते. मिलफॉइलचा पाडाव जो होतो तो या दोन्ही बाजूंनी. हा तपशील मला फार आवडतो. मारण्याची भाषा आपल्याला सोपी वाटते. इथे कुणी कुणाला मारत नाही, फक्त एकीची उंची कमी होते आणि बाकीच्यांचं जमतं.

इथे एक गोष्ट श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आली असेल. सोंड्या देशी, त्याचं मूळचं खाणं देशी मिलफॉइल. मग परकी आल्यावर त्याने काय केलं? तो तिच्यावर गेला, एवढंच नाही. तिच्यावर जास्त खूश झाला. मिनेसोटा विद्यापीठात रेमंड न्यूमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याचे प्रयोग केले. परक्या मिलफॉइलवर वाढलेल्या माद्या अंडी घालायला जवळपास नेहमी तिच्याकडेच जातात. देशीवर वाढलेल्या माद्यांना असा ओढा नाही, त्या दोन्हींवर घालतात. परक्या मिलफॉइलवर अळ्या लवकर मोठ्याही होतात. ही वनस्पती पाण्यात ग्लिसरॉल आणि युरासिल ही द्रव्यं सोडते आणि सोंडे त्यांच्याकडे ओढले जातात, हेही २००५ साली दाखवलं गेलं.

देशी आणि परकीय हा वाद आपल्याकडे झाडांबद्दल हल्ली फार जोरात चालतो. सुबाभूळ काढा, गिरिपुष्प तोडा, वड-पिंपळ लावा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मलाही पटतात. पण वाद घालताना दोन्ही बाजू असं गृहीत धरतात, की देशी जीव देशी जीवाच्या बाजूने उभा राहणार. या सोंड्याने असा कुठलाच पक्ष घेतलेला नाही. त्याला वाढायला बरं पडलं तिथे तो गेला. त्यातून देशी वनस्पतींचं भलं झालं, ही आपली नोंद आहे, त्याची नव्हे.

तर हा सोंड्या मिळाला. आता काय करायचं? अमेरिकेत जे व्हायचं तेच झालं. १९९० च्या दशकाच्या शेवटी सोंडे विकत मिळायला लागले. प्रयोगशाळेत मिलफॉइलच्या टाक्यांत वाढवायचे, अंडी-अळ्या लागलेल्या दांड्यांच्या जुड्या शीतपेटीतून न्यायच्या, तळ्यातल्या मिलफॉइलला बांधून यायच्या. भाव साधारण डॉलरला एक सोंड्या. तळ्याकाठच्या रहिवाशांच्या संघटनांनी हजारांनी विकत घेतले. औषध नको, यंत्र नको, निसर्गाचा उपाय निसर्गाला. जाहिरातीला याहून गोड काय असणार?

निकाल संमिश्र आले. काही तळ्यांत मिलफॉइल बसली. काहींत काहीच झालं नाही. काहींत बसली आणि दोन-तीन वर्षांत परत उठली. आणि सर्वांत गंमतीची गोष्ट, ज्या तळ्यांत पैसे मोजून सोंडे सोडले त्यांतल्या अनेकांत ते आधीपासूनच होते. माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा रोख या एका गोष्टीवर आहे. सोंड्याची वाण नव्हती. तो होता तिथे वाढत का नव्हता, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शोधायला लोक पाण्यात बघत राहिले. उत्तर बरंचसं काठावर होतं.

हा सोंड्या उन्हाळाभर पाण्यात असतो खरा, पण हिवाळा तो जमिनीवर काढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी गार व्हायला लागलं की त्याच्या शरीरात उडण्याचे स्नायू तयार होतात. तो पाणी सोडतो, काठावर येतो आणि पाण्याच्या कडेपासून काही मीटरांच्या आतच झडलेल्या पानांच्या थराखाली शिरतो. वर बर्फ पडतं. खाली पाचोळ्यात तो निपचित पडून राहतो. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की परत पाण्यात. पूर्ण वर्षात त्याच्या मालकीची जमीन काय ती एवढीच, कुजकी पानं असलेली काठावरची पट्टी.

आणि तळ्याकाठचं घर म्हणजे काय, हे तिकडचं कॅलेंडर बघितलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घरापासून थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवीगार, कापलेली हिरवळ. पाण्याच्या कडेला ट्रकने आणून ओतलेली पांढरी वाळू, नाहीतर दगडांची भिंत. शरद ऋतूत झाडांची पानं पडली की खराट्याने ओढून पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत. सोंड्याच्या घरावर दर वर्षी असा झाडू फिरतो. विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांची पाहणी झाली तेव्हा जिथे काठ नैसर्गिक राहिलेला होता तिथे सोंडे जास्त, जिथे वाळू तिथे कमी, असं दिसलं. म्हणजे एकच गृहस्थ ऑक्टोबरात काठावरचा पाचोळा पिशवीत भरत असे, आणि जूनमध्ये डॉलरला एक या भावाने सोंडे विकत घेण्यासाठी वर्गणी देत असे. मला त्या माणसाची थट्टा करायची नाही. स्वच्छता हा त्याच्या दृष्टीने सद्गुणच आहे. आपल्याकडेही तलावाचं सुशोभीकरण म्हणजे चारी बाजूंनी सिमेंटचा कट्टा, फरसबंदी आणि रंगीत दिवे, असं समीकरण पक्कं झालेलं आहेच.

दुसरी अडचण यंत्रांची. पाण्यातलं गवत कापणारं यंत्र वरचा मीटर-दीड मीटर भाग कापून, गोळा करून काठावर टाकतं. अंडी शेंड्यात, कोवळ्या अळ्या वरच्या दांड्यात. म्हणजे यंत्र जेवढी मिलफॉइल काढतं तेवढेच सोंडेही काढतं. शेल्डन यांनी हेही मोजून दाखवलं: कापणी झालेल्या भागांत सोंडे घटतात. मिलफॉइल मात्र तळापासून फुटते आणि महिन्याभरात परत वर येते, या वेळी मागे लागणारं कुणी नसतं.

तिसरी अडचण माशांची, आणि ती जास्त रंजक आहे. या तळ्यांत ब्लूगिल आणि त्याच्या जातकुळीतले सूर्यमासे असतात, तळहाताएवढे, चपळ, मिलफॉइलच्या फांद्यांतून एकेक किडा टिपणारे. शेंड्यावर अंडी घालायला आलेली मादी त्यांना सहज मिळते. मिनेसोटात सेनाइको नावाचं एक लहान तळं आहे, तिथे सरकार ट्राउट मासे सोडतं आणि सूर्यमासे कमी असत. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे सोंडे भरपूर झाले आणि मिलफॉइल कोसळली. पुढे सूर्यमासे वाढले. सोंडे घटले. मिलफॉइल परत आली. प्रयोगशाळेत इतका नेटका निकाल क्वचित मिळतो. आता सूर्यमासे का वाढतात? त्यांना खाणारे मोठे मासे माणसांनी गळाला लावून नेले की लहान मासे बेसुमार होतात, हे तिथल्या मत्स्यखात्याला जुनंच माहीत आहे. रविवारी हौसेने मोठा मासा पकडून फोटो काढणारा माणूस आणि मिलफॉइलने वल्हं अडकलं म्हणून चिडणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

या सगळ्यात आणखी एक वळण आलं. २००२ साली मूडी आणि लेस या संशोधकांनी जनुकीय तपासणी करून दाखवलं, की परकी मिलफॉइल आणि देशी उत्तरी मिलफॉइल यांचा संकर झालेला आहे. लोक ज्यांना ‘परकी’ म्हणून औषध मारत होते त्यांतली बरीच झुडपं संकरित होती. ही संकरित वाणं नेहमीच्या तणनाशकाला काही ठिकाणी दाद देत नाहीत. आणि सोंड्या? तो संकरावर वाढतो, परकीवर जितका छान तितका नाही, देशीवर जितका बेताचा त्याहून बरा. नकाशावर ज्यांच्यामध्ये रेघ ओढली होती त्या दोघींचा संसार झालेला आहे, आणि सोंड्या आता त्या संसाराला नव्याने सरावतो आहे.

आपल्याकडे वळतो, कारण या गोष्टीचा एक खरा धागा भारतातून जातो. अमेरिकेला जशी मिलफॉइल, तशीच, किंबहुना जास्त, हायड्रिला छळते. हायड्रिला म्हणजे आपल्या तळ्या-कालव्यांतलं साधं पाणगवत. कॉलेजात प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला परीक्षानळीत घालून बुडबुडे मोजतात ते. माझ्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे बुडबुडे मोजले नसतील तर त्याने प्रॅक्टिकल चुकवलेलं असणार. १९५० च्या दशकात ते शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलं आणि तिथल्या सरोवरांत पसरलं. मग अमेरिकन शास्त्रज्ञ त्याचा शत्रू शोधायला त्याच्या माहेरी आले, आणि भारत-पाकिस्तानातल्या तलावांत त्यांना एक सोंड्या सापडला, बॅगस अफिनिस नावाचा. १९८७ साली तो फ्लोरिडात सोडला गेला.

हा बॅगस हायड्रिलाचे चिखलातले कंद खातो. पण तो पाण्यात बुडून कंदापर्यंत जात नाही. आपले तलाव चैत्र-वैशाखात आटतात, तळ उघडा पडतो, चिखलाला भेगा जातात. तेव्हा मादी अंडी घालते, अळ्या भेगांतून ओलसर मातीत कंदापर्यंत पोचतात आणि कंद पोखरतात. पाऊस आला की तलाव भरतो आणि हायड्रिलाला नवी सुरुवात करायला कंद कमी उरलेले असतात. फ्लोरिडात सोंड्या पोचला, पण फ्लोरिडातली सरोवरं आटत नाहीत. पाणी वर्षभर काठोकाठ, कंद वर्षभर बुडालेले. बॅगसचा तिथे जम बसला नाही. त्याला पाठवणाऱ्यांनी पेटीत सगळं भरलं होतं, फक्त उन्हाळा भरायचा राहिला. आपण ज्या आटलेल्या तलावाकडे बघून हळहळतो, त्या आटण्यात एका सोंड्याचं वर्षाचं काम दडलेलं आहे, ही कल्पना मला तरी नवी होती.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. जलपर्णीवर जगणारे नेओकेटिना प्रजातीचे सोंडे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १९८० च्या दशकात ते बंगळुरूजवळच्या तलावांत सोडले गेले, तिथल्या जलपर्णीला त्यांनी बऱ्यापैकी आवर घातला, आणि पुढे ते देशात इतरत्रही पसरवले गेले. पंचगंगा, इंद्रायणी, पवना इथल्या जलपर्णीचे फोटो आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बघतो. नगरपालिका निविदा काढतात, पोकलेन उतरतं, जलपर्णी काठावर ढिगाने पडते, पाऊस आला की उरलेली पुढच्या गावाला वाहून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा निविदा. त्या ढिगात सोंडे किती गेले हे कुणी मोजत असेल असं मला वाटत नाही. आणि वरून सांडपाण्यातला नत्र-स्फुरद येतच असतो, तेव्हा सोंड्याने खाल्लेलं पान आठवड्यात भरून निघतं. मी जलपर्णी काढूच नका असं म्हणत नाही. पंपाच्या तोंडाशी ती तुंबली तर काढावीच लागते. पण सगळं तळं एका दिवशी खरवडायचं की काही भाग शाबूत ठेवून बाकीचं काढायचं, हा प्रश्न निविदेत कधी विचारला जात नाही. व्हरमाँटच्या अनुभवानंतर तो विचारता येण्यासारखा आहे.

हे सोंडे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. प्रौढ किडा जलपर्णीच्या पानाची वरची साल खरवडून खातो, त्याचे गोलसर, तपकिरी, दोन-चार मिलिमीटरचे डाग पानावर उठतात. देठ मधोमध उभा चिरला तर कधी आत अळीची वाट दिसते, कधी अळीच दिसते, पांढुरकी, पाय नसलेली, डोक्याला नारिंगी छटा. आपल्या गावाबाहेरच्या नदीवर मी डाग असलेली पानं पाहिलेली आहेत, पण किती टक्के पानांवर आहेत ते पद्धतशीर मोजायला शाळेची मुलं आणि एक उत्साही मास्तर लागेल. पलीकडच्या रांगेत दोन मुख्याध्यापक बसलेले मला दिसत आहेत. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं ठेवली आहेत, त्यांतली पहिली पाच मी त्या दोघांसाठी मागून घेतो.